देवाच्या पेटीला करमाफी असावी का, आणि असावी तर कोणत्या अटीवर?

जुनी चोपडी (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या भैरवनाथ देवस्थानाचा खजिनदार आहे. आम्ही दानपेटी वर्षातून तीनदा उघडतो: चैत्रातील यात्रा उरकल्यावर, श्रावण संपल्यावर आणि दसऱ्यानंतर. पाच पंचांसमक्ष कुलूप काढायचे, सभामंडपात सतरंजी अंथरून पेटी उपडी करायची आणि मग निवडायला बसायचे. नोटांना हळदकुंकू लागलेले असते, काही नारळाच्या पाण्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात, अधूनमधून नवसाचा चांदीचा पाळणा किंवा डोळे निघतात. नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावायच्या, पंचनामा लिहायचा, सर्वांच्या सह्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत भरायची. या पैशाला नाव नसते आणि पत्ताही नसतो.

गेल्या यात्रेच्या बैठकीत गावातल्या एका तरुण दुकानदाराने मला विचारले, "काका, माझ्या गल्ल्यावर कर आहे, मग देवाच्या पेटीवर का नाही?" प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता. मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना जे विचारले, ते येथे मांडतो.

देवाला कर लागतच नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो खरा नाही. योगेंद्रनाथ नस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच सांगितले आहे की हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून तिच्या सेवेकऱ्यांमार्फत तिच्यावर प्राप्तिकर आकारता येतो. म्हणजे करमाफी ही देवपणातून आपोआप येत नाही. ती प्राप्तिकर कायद्याने (१९६१ च्या कायद्यात कलम ११; १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा, येथील प्राप्तिकराचे कलमक्रमांक जुन्या कायद्याचे आहेत) काही अटींवर दिलेली आहे, आणि जी गोष्ट अटींवर दिलेली असते तिच्या अटी तपासण्याचा अधिकार देणाऱ्याला, म्हणजे सर्व करदात्यांना, असतो.

माझी खरी अडचण निनावी देणग्यांच्या बाबतीत आहे. २००६ साली कायद्यात ११५ बीबीसी हे कलम आले. ज्या देणगीदाराचे नाव आणि पत्ता संस्थेने नोंदवलेला नाही, अशी देणगी एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेली, तर वरच्या भागावर ३० टक्के कर. मात्र केवळ धार्मिक संस्थांना हे कलम लागू नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या संस्थांनाही ते लागू नाही, फक्त त्यांच्या शाळा-रुग्णालयांसाठी म्हणून दिलेली निनावी रक्कम त्यातून सुटत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते मी घरातच पाहिले. माझी धाकटी बहीण मूकबधिर मुलांच्या एका वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर आहे. एका वर्षी त्यांच्याकडे ८ लाखांच्या देणग्या आल्या, त्यांपैकी ३ लाख बाजारपेठेत ठेवलेल्या पेट्यांतून, म्हणजे निनावी. ८ लाखांचे ५ टक्के ४० हजार होतात, १ लाख त्याहून मोठा, म्हणून १ लाख वजा जाता उरलेल्या २ लाखांवर ३० टक्के, म्हणजे ६० हजार रुपये कर बसला. त्याच वर्षी आमच्या भैरवनाथाच्या पेटीत साडेपाच लाख जमले होते आणि त्यावर एक रुपयाही कर नव्हता. भाऊबहीण समोरासमोर बसून दोन्ही ताळेबंद पाहत होतो तेव्हा ती काही बोलली नाही, पण मला फार संकोच वाटला. आता त्यांच्या प्रत्येक पेटीशेजारी दोरीने बांधलेली वही आणि पेन असते, आणि लोक वही पाहून पुढे निघून जातात, असे तिचे म्हणणे आहे.

शिर्डीचे प्रकरण याच कलमाचे होते. साईबाबा संस्थान शाळा आणि रुग्णालये चालवते, तेव्हा ते धर्मादाय आहे आणि त्याच्या निनावी देणग्यांवर कर लागला पाहिजे, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते फेटाळले आणि संस्थान धार्मिक व धर्मादाय असे दोन्ही आहे, हा अपिलीय न्यायाधिकरणाचा निष्कर्ष कायम केला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात ही सवलत केवळ धार्मिक संस्थांपुरती ठेवून दुहेरी स्वरूपाच्या संस्थांची काढून घेतली होती. प्रवर समितीने त्याला हरकत घेतली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात सवलत परत आली.

माझे मत असे आहे. देवस्थानांची करमाफी काढू नये. पेटीही निनावीच राहू द्यावी, कारण या हाताचे त्या हाताला कळू न देता द्यावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मोडावी असे मला वाटत नाही. परंतु देणारा निनावी असला म्हणून घेणाऱ्याने आणि खर्च करणाऱ्याने निनावी राहण्याचे कारण नाही. आमचा हिशेब लेखापरीक्षण होऊन धर्मादाय कार्यालयात जातो, पण गावात येत नाही. ज्या संस्थेला निनावी पैशावर करमाफी हवी असेल, तिने आपला जमाखर्च देवळाच्या भिंतीवर, सर्वांना वाचता येईल अशा भाषेत, दरवर्षी लावलाच पाहिजे आणि न लावल्यास त्या वर्षाची सवलत जावी, अशी अट कायद्यात असावी. आपणा सर्वांची मते ऐकायची आहेत, विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांची.

तेरीज (नाशिक)

जुनी चोपडी, आपण विषय फार काळजीपूर्वक मांडला आहे. मी सनदी लेखापाल आहे आणि लहान-मोठ्या तीसेक न्यासांचे काम पाहतो, म्हणून काही गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट अशी की लोक दोन वेगवेगळ्या सवलतींची गल्लत करतात. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला मिळते ती कलम ११ ची सवलत आणि देणगीदाराला त्याच्या करपात्र उत्पन्नातून मिळते ती ८० जी ची वजावट. आपल्या भैरवनाथाला देणगी देणाऱ्याला ८० जी चा लाभ बहुधा मिळत नसणार, कारण एकाच धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थेला ते प्रमाणपत्र मिळत नाही आणि प्रमाणपत्र असलेल्या धर्मादाय संस्थेलाही धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून केंद्राने अधिसूचित केलेली देवळे, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च यांच्या जीर्णोद्धारासाठी दिलेली देणगी मात्र वजावटीस पात्र असते. तेव्हा सामान्य देवळाच्या पेटीत पडणारा पैसा हा देणाऱ्याने आपला कर भरून उरलेल्यातून दिलेला असतो, हे दुकानदाराला सांगायला हवे. त्याचा गल्ला म्हणजे मालाची किंमत आहे. पेटीतला पैसा कशाचीच किंमत नाही.

दुसरी गोष्ट, करमाफी म्हणजे मोकळे रान नव्हे. वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम त्याच उद्देशावर भारतातच खर्च करावी लागते. १५ टक्के शिल्लक ठेवता येते. त्याहून जास्त साठवायचे असेल तर कशासाठी ते लिहून द्यावे लागते आणि ५ वर्षांची मुदत असते. विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातलगाच्या लाभासाठी पैसा गेला तर कलम १३ खाली सवलत जाते. सवलतीपूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण आणि विवरणपत्र वेळेत द्यावेच लागते.

तिसरी गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये नेमकी हीच उलटी सांगितली जाते. कलम ११ मंदिर, मशीद, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, देरासर, विहार यांत काहीही फरक करत नाही. दाऊदी बोहरा जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एकच संस्था धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही असू शकते, हे जे तत्त्व सांगितले, त्याचाच आधार पुढे हिंदू न्यासांनाही मिळत आला आहे. फरक आहेत ते प्राप्तिकराच्या बाहेर, व्यवस्थापनाच्या कायद्यांत. वक्फ मंडळाला वक्फने उत्पन्नातून अंशदान द्यायचे असते, ते २०२५ च्या दुरुस्तीने ७ टक्क्यांवरून कमाल ५ टक्के झाले. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय प्रशासन निधीला अंशदान देण्याची तरतूद आहे आणि तो कर नसून सेवेचे शुल्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात म्हटले आहे.

भिंतीवर हिशेब लावण्याच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण 'न लावल्यास सवलत जावी' याला नाही. दंड काय होतो हे मी जवळून पाहिले आहे. २०२१ पासून सर्व जुन्या संस्थांना प्राप्तिकर खात्याकडे नव्याने नोंदणी करावी लागली. माझ्याकडे एका लहान मठाचे विश्वस्त आले, वय ऐंशीच्या पुढे, हातात पत्र्याच्या पेटीत जपलेले १९७४ सालचे नोंदणीपत्र. त्यांच्या मते नोंदणी एकदा झाली ती झाली. मुदतीत पुन्हा अर्ज झाला नाही तर ११५ टीडी या कलमाखाली मठाच्या साऱ्या मालमत्तेच्या बाजारभावावर, देणी वजा जाता, सर्वोच्च दराने कर लागू शकतो, हे मी समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ नुसते त्या कागदाकडे पाहत बसले. अर्जाची मुदत जून २०२४ पर्यंत वाढली म्हणून निभावले. करमाफी काढण्याच्या गोष्टी मोठ्या देवस्थानांकडे पाहून होतात आणि फटका अशा मठाला बसतो.

उंबरठा

मी वेगळे मत मांडते. मी एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केले आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सवलती आहेत, पण त्यांच्यावर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक चे बंधनही आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. २००६ साली उच्च न्यायालयाने योजना घालून दिल्यापासून रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते. हे बंधन पाळले जाते की नाही, यासाठी माझे आयुष्यातले किती दिवस कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर गेले ते मलाच ठाऊक. परंतु बंधन आहे म्हणून भांडता तरी येते. उत्पन्नाचा दाखला पुढे करून "ही खाट या बाईच्या हक्काची आहे" असे म्हणता येते.

देवस्थानाकडे असे काय मागता येते? तेरीज यांनी सांगितलेली ८५ टक्क्यांची अट मी नाकारत नाही, पण 'उद्देशावर खर्च' यात सोन्याचा मुलामा दिलेला कळसही बसतो, संगमरवरी फरशीही बसते आणि दुसऱ्यांदा बांधलेली कमानही बसते. कायदा विचारतो की खर्च धार्मिक आहे का. तो गरजेचा होता का, हे कोणी विचारत नाही. ज्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्राला जाण्यासाठी रस्ता नाही, त्या गावात कमान बांधली तर ती करमुक्त पैशातून बांधली गेली, म्हणजे तिच्यात माझाही वाटा आहे, मी त्या देवाची भक्त असो वा नसो. संविधानाचे कलम २७ म्हणते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच खर्च व्हायचा असलेला कर भरण्यास कोणालाही भाग पाडता येणार नाही. सोडलेला कर आणि दिलेला पैसा यांत तिजोरीच्या दृष्टीने काय फरक आहे, हे मला कोणी पटवून द्यावे.

माझी मागणी अशी: एका ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या सर्व धार्मिक संस्थांनी, धर्म कोणताही असो, उत्पन्नाचा निश्चित हिस्सा धर्म न पाहता गरजूंवर खर्च करावा आणि तेवढ्यावरच करमाफी मिळावी. बाकीच्यावर कर भरावा.

पायवाट

उंबरठाताई, आपला अनुभव मोठा आहे, पण कलम २७ बद्दल एक नोंद करतो. हज अनुदानाच्या प्रफुल्ल गोराडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले की एखाद्या कराचा मोठा भाग एका धर्मासाठी वापरला जात असेल तरच या कलमाचा भंग होतो. तेथे तर सरकार प्रत्यक्ष पैसे देत होते. येथे सर्व धर्मांना एकाच मापाने सवलत आहे, त्यामुळे कायद्याच्या अंगाने हा मुद्दा टिकणार नाही. न्यायाच्या अंगाने आपले म्हणणे विचार करण्यासारखे आहे, हे मान्य करतो.

मांडवीकाठ (फोंडा)

आमच्या गोव्यात ही चर्चा थोडी वेगळ्या वाटेने जाते, कारण येथे धर्मादाय आयुक्तांची महाराष्ट्रासारखी चौकट नाही. देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज काळातील माझानी नियमावलीखाली चालतात. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, नोंद असलेली वही असते, महाजन समिती निवडतात, आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. अंदाजपत्रक त्याच्याकडे जाते. महाजनांमध्ये तंटे होतात, पण अंदाजपत्रक नावाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवजांच्या जत्रेचे तेल किती लागणार, पालखीच्या भोयांना काय द्यायचे, देवळाच्या अग्रशाळेच्या खोल्यांचे भाडे किती धरायचे, हे सारे कलमवार लिहिलेले मी माझ्या काकांच्या हाती पाहिले आहे.

मात्र जुनी चोपडी यांच्या कल्पनेतील एक अडचण सांगतो. आमच्याकडे हिशेब मागण्याचा हक्क महाजनाला आहे. जो महाजन घराण्यातला नाही, पण दर सोमवारी चालत येऊन पेटीत पैसे टाकतो, त्याला तो नाही. करमाफी सगळ्यांच्या खिशातून असेल तर हिशेबही सगळ्यांना मिळाला पाहिजे. भिंतीवरच्या कागदाचा खरा उपयोग मला तो वाटतो. भिंतीपुढे उभे राहून वाचणाऱ्याला कोणी घराणे विचारत नाही.

इसारकाठ (म्युनिक)

येथे आठ वर्षे राहत असल्यामुळे दुसऱ्या टोकाची पद्धत सांगतो. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांकडून सरकारचेच कर कार्यालय चर्चकर गोळा करते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत तो प्राप्तिकराच्या ८ टक्के असतो, इतर राज्यांत ९ टक्के. पगार देणारा तो परस्पर कापून घेतो. येथे राहायला आल्यावर पत्त्याची नोंदणी करताना अर्जात धर्माचा रकाना असतो. माझ्या पगारपत्रकावर त्या ठिकाणी दोन आडव्या रेघा आहेत, शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याच्या पत्रकावर दोन अक्षरे आहेत आणि त्या दोन अक्षरांमुळे त्याच्या पगारातून दरमहा रक्कम जाते. ज्याला ती द्यायची नसेल त्याने सरकारी कार्यालयात जाऊन चर्चचे सभासदत्व सोडल्याचे लिहून द्यायचे. माझ्या त्या सहकाऱ्याच्या वडिलांनी ते केले तेव्हा घरातील आजी कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही, असे तो सांगतो.

ही पद्धत आपल्याकडे यावी असे मी मुळीच म्हणत नाही. निनावी दानाच्या ती अगदी विरुद्ध आहे, कारण येथे देणाऱ्याचे नावच आधी लिहिले जाते. परंतु आमच्या मराठी मंडळाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. मंडळ नोंदणीकृत संस्था आहे आणि लोकोपयोगी म्हणून करमुक्त आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, महाप्रसादाचा खर्च, मूर्ती आणण्याचे भाडे हे सारे घेऊन साधारण दर तीन वर्षांनी कर कार्यालयाला कागद द्यावे लागतात आणि त्या वर्षांत आम्ही घटनेतल्या उद्देशांप्रमाणेच वागलो का, हे तपासून सवलत पुढे चालू राहते. खजिनदाराचे काम कोणी आनंदाने घेत नाही, हे खरे. पण सवलत गेल्याचेही मी पाहिलेले नाही, आणि वर्गणी देणाऱ्यांचा मंडळावर विश्वास आहे तो या तपासणीमुळे टिकून आहे, असे मला मनापासून वाटते.

हडसनचे पाणी (न्यू जर्सी)

अमेरिकेत याहून उलटे आहे. येथे चर्च, आणि त्याच व्याख्येत देऊळ व मशीदही, अर्ज न करता करमुक्त मानले जाते आणि इतर धर्मादाय संस्थांना भरावे लागणारे वार्षिक माहितीपत्रक त्यांना भरावे लागत नाही. १९७० साली वॉल्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांची मालमत्ताकर माफी योग्य ठरवली, ती अशा विचाराने की कर लावायचा म्हटले तर मूल्यांकन, जप्ती, तंटे यांतून सरकार धर्माच्या कारभारात अधिकच शिरेल. हा विचार मला पटतो. पण माहितीपत्रकाची सूट मात्र पटत नाही. आमच्या देवळाचे सभासद असूनही गेल्या चार वर्षांचा ताळेबंद मला मिळालेला नाही, आणि तो मागितला की माझ्या श्रद्धेबद्दल शंका घेतली जाते. हिशेब मागणे म्हणजे देवावर अविश्वास, ही समजूत समुद्र ओलांडूनही आपल्याबरोबर आलेली आहे, याचे वाईट वाटते.

तेरीज (नाशिक)

उंबरठाताईंच्या मागणीबद्दल. निश्चित हिस्सा गरजूंवर खर्च करण्याची सक्ती केली तर संविधानाच्या कलम २६ चा प्रश्न येईल, कारण आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याचा हक्क प्रत्येक संप्रदायाला आहे. परंतु देणगी आणि भाड्याचे उत्पन्न यांत फरक करायला हरकत नाही. त्याची बीजे कायद्यात आहेतच. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने केवळ सार्वजनिक पूजेसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना सर्वसाधारण कर माफ आहे, पण त्याच इमारतीत व्यापार चालत असेल किंवा तिचे भाडे येत असेल तर ती माफी मिळत नाही. वस्तू व सेवा करातही प्रसादाला कर नाही आणि धार्मिक आवारातील दिवसाला हजार रुपयांखालच्या खोल्यांना सवलत आहे, पण त्याहून महाग खोल्यांना ती नाही. भाविकाची सोय आणि धंदा यांत रेघ ओढता येते, हे या तरतुदींनी दाखवले आहे. प्राप्तिकरात तशी रेघ अधिक ठळक व्हावी: पेटीतले सारे माफ राहावे, पण व्यापारी संकुलाच्या गाळ्यांचे भाडे आणि मुदतठेवींचे मोठे व्याज यांच्यावर, ते त्या वर्षी लोकांसाठी खर्च झाले नसेल तर, कर लागावा.

उंबरठा

तेरीज, एवढे झाले तरी मी समाधानी होईन. मुदतठेवींचा उल्लेख केलात, म्हणून आभार. रुग्णालयात असताना निर्धन निधी संपला की मी आसपासच्या संस्थांना पत्रे लिहीत असे. एका देवस्थानाने कळवले की रक्कम ठेवीत अडकलेली आहे. ते पत्र आले त्या आठवड्यात आठ वर्षांच्या एका मुलाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी सत्तर हजार कमी पडत होते. त्याचे वडील बाकड्यावर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. शेवटी वॉर्डातील परिचारिकांनी आपसांत वर्गणी काढली. मी देवळांच्या विरुद्ध नाही. माझी आई वारी करत असे. पण 'अडकलेली आहे' हा शब्द माझ्या मनातून जात नाही.

जुनी चोपडी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काही गोष्टींबाबत माझे मत बदलले आहे आणि ते सांगणे मला आवश्यक वाटते.

'हिशेब न लावल्यास सवलत जावी' हे मी मागे घेतो. तेरीज यांनी सांगितलेला मठ माझ्या डोळ्यांपुढे आहे, कारण आमचे अध्यक्षही त्याच वयाचे आहेत आणि पोर्टलवरचे अर्ज माझा पुतण्या भरतो म्हणूनच वेळेत जातात. लहान संस्थेला आधी लेखी सूचना, मग धर्मादाय कार्यालयातून मदत, आणि मोठ्या संस्थेला मात्र सूचनेनंतर दंड, असा क्रम मला योग्य वाटतो. ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांची नोंदणी आता ५ ऐवजी १० वर्षांसाठी करण्याची तरतूद २०२५ मध्ये झाली, तेव्हा लहान-मोठ्यांत फरक करणे सरकारलाही मान्य आहे.

बहिणीच्या वसतिगृहावरील कर मात्र मला अजूनही अन्याय्य वाटतो, आणि त्यावर उपाय देवळाची सवलत काढणे हा नसून तिच्या संस्थेलाही ती देणे हा आहे. पंचांसमक्ष पेटी उघडून पंचनामा करण्याची जी पद्धत आम्ही पाळतो, तीच कोणत्याही धर्मादाय संस्थेने पाळली आणि हिशेब जाहीर केला, तर तिच्याही पेटीतील छोट्या निनावी रकमांवर कर असू नये. काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी कलम आणले असेल तर मोठ्या नोटांची बंडले आणि दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा यांत फरक करता येतो. पेटी उपडी करणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या नजरेत दिसतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. गेल्या रविवारी आमच्या विश्वस्तांची सभा झाली. या धाग्यातील प्रतिसाद मी छापून नेले होते आणि फोंड्याहून आलेला भिंतीबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला. दोघांनी विरोध केला. हिशेब लावला तर गावातील दोन गटांना भांडायला निमित्त मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ती भीती खोटी नाही. तासभर चर्चा होऊन पाच विरुद्ध दोन असा ठराव झाला. दीपमाळेच्या उजव्या हाताला, सोप्याच्या भिंतीवर पत्र्याचा फलक लागणार आहे. त्यावर पेटीच्या तिन्ही उघडणींची रक्कम तारखेसह, पावतीच्या देणग्या, शेताचा खंड, ठेवींचे व्याज, आणि खाली खर्चाच्या बाजूला पूजा-नैवेद्य, यात्रा, वीजबिल, पुजाऱ्याचे मानधन, दुरुस्ती आणि शिल्लक, असे रकाने मी आखून दिले आहेत. रंगारी पुढच्या आठवड्यात येईल.

उंबरठा

जुनी चोपडी, आपल्या विश्वस्तांना माझा नमस्कार सांगावा. एक विनंती आहे. 'शिल्लक' या एका रकान्याचे दोन करावेत: बँकेत हाताशी असलेली रक्कम वेगळी आणि मुदतठेवीत असलेली वेगळी, आणि ठेवीपुढे ती कशासाठी राखून ठेवली आहे ते लिहावे.

जुनी चोपडी (धागाकर्ता)

ताई, रंगाऱ्याला फोन केला आहे. दोन रकाने केले. आमच्या ठेवीपुढे 'शिखराच्या दुरुस्तीसाठी' असे लिहावे लागेल. ती दुरुस्ती आम्ही सहा वर्षे पुढे ढकलत आलो आहोत, तेव्हा तेही फलकावर येईल.